मुक्या वीराचं भाषण

दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, यंदा 'अग्निगड' हे नाटक करायचं, असं आसगावच्या मंडळाने ठरवलं तेव्हा ते लिहायला शोभाताईंशिवाय दुसरं कोणी नव्हतं. तीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत मराठी शिकवलं होतं. कपाटात पाच नाटकं पडून होती आणि एकही रंगमंचावर आलं नव्हतं. हे सहावं मात्र येणार होतं, कारण ते मोबाइलवरच्या एका खेळातून घ्यायचं होतं आणि गावातली निम्मी पोरं तो खेळ खेळत होती.

भाची अंजू हिने पंधरा दिवस दुपारी शेजारी बसून त्यांना तो खेळ दाखवला. गड पेटलेला, लोकांना नदीपार न्यायचं, आणि पुढे व्हायला दोन वीर. पहिला सेनापती वज्र. हा बुरुजावर चढून भाषण करी. भाषणात दम नव्हता. दम होता मागून वाजणाऱ्या ढोलांत. ढोल वाढले की माणसं तलवारी उपसून धावत सुटत आणि मरत, आणि वज्र पुढचा बुरूज शोधी. दुसरा छाया. तोंडावर फडकं, अंगात काळा झगा, तोंडातून एक शब्द नाही. तो नुसता चालू लागे आणि लोक मागे निघत. कुठे, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. निम्मे दलदलीत गेले.

"आत्या, छाया किती डीप आहे ना!" अंजू म्हणाली.

अशी खोल माणसं शोभाताईंनी वर्गात पुष्कळ पाहिली होती. प्रश्न विचारला की सगळीच खोल होत.

त्या खेळात त्यांना आवडलं ते एकच माणूस. नदीकाठी डोंगा घेऊन एक बाई उभी असे. तिला नाव नव्हतं. "बारा जण बसा, बाकीचे थांबा," एवढंच ती म्हणे, आणि खेळणारे तेही न ऐकता पुढे जात. शोभाताईंनी तिला मंगली हे नाव दिलं आणि तिच्यावर एक प्रवेश लिहिला. दोन्ही वीर आधी डोंग्यात जाऊन बसतात. मंगली त्यांना खाली उतरवते आणि म्हातारे, लेकरं बसवते. सहा नाटकांत मिळून हा एकच प्रवेश आपल्याला जमला, असं त्यांना सकाळी वाटे. संध्याकाळी तोही फसलाय असं वाटे. पण नाटकात काही राहायचं असेल तर तो राहावा, बाकी सगळं गेलं तरी चालेल, हे मात्र दोन्ही वेळा वाटे.

वज्र झाला भूषण, खताच्या दुकानातला. छाया झाला धर्मेंद्र, कारण मंडप त्याचा होता आणि लाइटही त्याचेच. दोघेही शोभाताईंचे विद्यार्थी. मंगलीचं काम अंगणवाडीतल्या रक्षाला दिलं होतं.

तिसऱ्या तालमीनंतर धर्मेंद्र मंडळाच्या अध्यक्षांना, भोजराजांना, घेऊन घरी आला.

"बाई, मले एकबी डायलॉग नाही."

"छाया बोलत नाही, धर्मेंद्र."

"हाव, ते बराबर आहे. पन तो काहून बोलत नाही, हे लोकायले कसं समजन? त्याच्यावर भाषन पाह्यजे. दोन पानं."

"म्हणजे मुक्याने मुकेपणावर भाषण करायचं?"

"बस! आता समजलं तुमाले. भूषणले तीन पानं दिले. मी का त्याच्यापेक्षा कमी आहो?"

भोजराज समजुतीने म्हणाले, "लिहून टाका बाई. नाटक लांबत असन तं तो डोंग्याचा सीन काढू. तसंबी हिरोले कोनी डोंग्यातून उतरवते का?"

"बाराच माणसांचा डोंगा आहे."

"हिरोची का मोजणी करतेत, बाई!"

शेवटी ठरलं की रंगीत तालमीत भाषण आणि डोंगा दोन्ही पाहायचे, आणि दम असेल ते ठेवायचं. शोभाताई लिहायला बसल्या. 'शब्द ही दुर्बळांची कुबडी आहे. माझं मौन हीच माझी गर्जना!' लिहिताना त्यांना लाज वाटली. त्याहून जास्त लाज वाटली ती हे सगळं इतकं भराभर सुचत गेलं याची.

रंगीत तालीम समाजमंदिरात, भर दुपारी झाली. प्रॉम्प्टर शोभाताईच. भूषण टेबलावर चढला. त्याला एक ओळ पाठ नव्हती. विंगेतून त्या पुटपुटत आणि तो तेच दुप्पट आवाजात लोकांवर फेकी. 'प्राणांची आहुती द्या' हे त्याने 'प्राण्यांची आहुती द्या' असं गर्जून सांगितलं. भोजराजांनी टाळ्या वाजवल्या.

मग दोघे वीर डोंग्यात, म्हणजे दोन बाकांवर, बसले. धर्मेंद्र उठून उभा राहिला आणि त्याने विंगेकडे कान केला.

"शब्द ही दुर्बळांची कुबडी आहे," शोभाताई पुटपुटल्या.

"शब्द ही दुर्बळांची कुबडी आहे!"

पुढची ओळ समोर होती, त्यांच्याच वळणदार अक्षरात. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना ती ओळ म्हणवेना. पोरांच्या वह्यांत असं वाक्य आलं असतं तर त्यांनी खाली लाल रेघ मारली असती. त्यांनी कागद मिटला.

धर्मेंद्र वाट पाहत राहिला. त्याने जबडा आवळला. डोळे मोठे केले. कपाळावरून घामाची धार निघाली आणि फडक्यात शिरली. समाजमंदिरात कोणी खोकलंसुद्धा नाही.

तेवढ्यात रक्षा वल्हं घेऊन आली. "उतरा. बारा जन बसतेत. तुमी दोघं मांगून या."

धर्मेंद्रला ओळ सापडत नव्हती, म्हणून तो मुकाट्याने उतरला. मग भूषणही उतरला. रक्षाने एका म्हातारीला हात धरून बाकावर बसवलं.

"अरे बाप्पा!" भोजराज उभे राहिले. "अंगावर काटा आला. हा सीन राहू द्या, बाई. भाषन कायले पाह्यजे!"

फडकं खाली ओढत धर्मेंद्र म्हणाला, "मी ठरवूनच चुप राह्यलो. मले मालूम होतं, इथं बोलाचं काम नाही."

प्रवेश राहिला होता. तो एका घाम फुटलेल्या माणसाच्या जिवावर राहिला, हे शोभाताईंना कळत होतं.

भूषण पाय घासत विंगेत आला. "बाई, माहे तीन पानं काढून टाका. मलेबी तसंच चुप राहाचं आहे. धर्मेंद्रपेक्षा जास्त."

"काढली," त्या म्हणाल्या आणि लगेच रेघ मारली.

"पन बाई, प्रॉम्प्टिंग कराल ना? चुप कवा राहाचं, ते तिकडून सांगजा."

"सांगीन," शोभाताई म्हणाल्या. "रक्षा, पुन्हा पहिल्यापासून घे. 'उतरा' म्हणताना घाई करू नकोस."