मागच्या सीटखालचा आवाज

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात वकील उपेंद्ररावांची मोटार ओरडायला लागली. ऍक्सिलरेटर दाबला की बारीक, लांबट सूर निघायचा. पाय काढला की गप्प. मोटार घेऊन चार-पाच महिनेच झाले होते, आणि तीही परक्याकडून नव्हे. निपाणीला तंबाखूची वखार असलेल्या मेहुण्याकडून, गोपाळअण्णांकडून घेतली होती.

उपेंद्ररावांच्या बायकोचा, वासंतीचा संशय पहिल्यापासून ड्रायव्हर भरमूवर होता. गोपाळअण्णा तिचा सख्खा भाऊ. मोटार देताना त्यानं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "गाडीत खोट नाही. पण ड्रायव्हर ठेवाल त्याच्यावर नजर ठेव. चांगलं वंगण काढून विकतात आणि आत काहीही भरतात ही माणसं." ते तिच्या मनात पक्कं बसलं होतं. सांबऱ्याचा भरमू गाडीखाली शिरला की ती माडीच्या खिडकीत येऊन उभी राहायची. वंगणाचा डबा तिनं कोठीत, कुलपात ठेवला होता. भरमूला हे सगळं दिसत होतं. तो बोलत नव्हता, आणि त्याचं न बोलणंही तिला लबाडीचं वाटायचं.

"साहेब, एकदा नीट बघूया," शेवटी तोच म्हणाला. "तुमच्या मनात काय हाय ते कळतंय मला."

तिघं काकतीच्या रस्त्याला गेले. भरमूनं आधी उभ्या गाडीत इंजिन जोरात फिरवलं. सूर नाही. मग गाडी पळवली; सूर आला. उपेंद्ररावांनी त्याच वेगात खालचा गिअर टाकायला सांगितलं. इंजिनाचा आवाज चढला, सूर मात्र होता तसाच राहिला.

"इंजिनही नाही, गिअरही नाही," ते म्हणाले.

"अहो, ते माझ्याखाली आहे," वासंती मागून म्हणाली. "पायांना थरथर लागतेय."

"मग डिफरन्शियल," भरमू म्हणाला. "मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी चाकं असत्यात त्या डब्यात, आक्का. त्यो डबा म्या कवाच उघडला न्हाय."

"उघडला नाहीस हे कुणी पाहिलंय?"

भरमूनं गाडी खासबागेत मिस्त्रीकडं नेली. मिस्त्रीनं त्या डब्याचं बूच काढलं तर वंगणाऐवजी काळा, चिकट लगदा बाहेर आला.

"भुसा घातलाय," मिस्त्री म्हणाला. "दात झिजले की घालत्यात. थोडं दिवस गाडी गप बसती. मग भुसा कडंला जाऊन बसतोय, वंगण पोचत न्हाय, आणि आवाज लई वाढतोय."

उपेंद्रराव भरमूकडं वळले. "उद्यापासून येऊ नकोस."

"जोतिबाची आन, साहेब, मी न्हाय केलं ह्ये."

आपलंच खरं ठरलं याचं वासंतीला समाधान वाटलं. मिस्त्रीनं थोडा लगदा पेट्रोलनं धुऊन कागदावर पसरला होता, तो बघायला ती वाकली. लाकडाचा भुसा नव्हता तो. चपटे, तपकिरी धागे होते. लहानपणी वखारीत खेळून आलं की आई तिच्या परकरावरून हेच झटकायची. तंबाखूच्या देठांचा चुरा.

तिनं नवऱ्याला तसं सांगितलं.

"निपाणीला भरमूही येतोच की आपल्याबरोबर," उपेंद्रराव म्हणाले. "तिथनं उचलला असेल."

तेही होण्यासारखं होतं. भरमूच दोषी निघावा, असं तिला मनापासून वाटत होतं. तरी ती म्हणाली, "आज त्याला काढू नका. मी जाऊन येते."

दुसऱ्या दिवशी ती उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेली. गोपाळअण्णा वखारीत माल तोलून घेत होता.

"अण्णा, गाडीत देठांचा चुरा तू घातलास?"

त्यानं काट्यावरची नजर काढली नाही. "विकताना सगळेच घालतात गं. दात झिजलेले होते. त्यात एवढं काय?"

"मग ड्रायव्हरचं माझ्या मनात का भरवलंस?"

"आवाज कधीतरी येणारच होता, वासू. कुणावर तरी बोट जायला हवं होतं."

घरात वहिनीनं जेवणाचं पान वाढलं होतं. वासंती पाणीसुद्धा न पिता परतली. अंगणात नवरा आणि भरमू दोघांना समोर उभं करून तिनं सगळं सांगितलं, भावाचं नाव घेऊन सांगितलं.

मुंबईहून नवी दातेरी चाकं आली. मिस्त्री आणि भरमूनं मिळून डबा धुतला, चाकं बसवली, दाट वंगण भरलं. सुतगट्टीचा चढ गाडी इतकी गुमान चढली की उपेंद्रराव हसले. भरमू हसला नाही. घरी आल्यावर त्यानं किल्ली वासंतीपुढं धरली.

"गाडी झाली, आक्का. म्या खानापूरच्या सर्व्हिस मोटारीवर जातो आता."

"राग धरू नकोस रे, भरमू."

"राग न्हाय. पन ह्या घरात आता मलाच कुनाचा भरवसा वाटत न्हाय."

तिनं किल्ली घेतली.