पाच फरश्या

१९९७ साली पाटसच्या हौसरावांनी देवघरात फरशी बसवायला विनोद मिस्त्रीला बोलावलं. खोली चौरस होती. हौसरावांच्या वारलेल्या बायकोनं, झुंबरबाईनं, निवडून ठेवलेल्या फरश्या मात्र लांबट, पाचही वेगवेगळ्या मापांच्या.

“कापायच्या न्हाईत,” हौसराव म्हणाले. “ती म्हणायची, पाचात बरोबर बसतंय.”

विनोदनं दुपारपर्यंत कोपऱ्यांपासून मांडून पाहिलं. दरवेळी फट उरायची. शेवटी त्यानं छोटी फरशी मधोमध ठेवली आणि बाकीच्या चार तिच्याभोवती फिरवून लावल्या. सुतभरही फट राहिली नाही.

मधली फरशी घट्ट बसवायला त्यानं हातोडीनं दोन ठोके दिले. खालून दोन ठोके आले.

विनोद बाहेर पळाला. हौसराव मात्र आत गेले, गुडघ्यांवर बसले आणि बोटानं फरशी वाजवून कान लावून थांबले.