लाइन किती वेळ टिकते

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या मे महिन्यात आमच्या जयनगरच्या घरी इंटरनेट घ्यायचं ठरलं. श्वेता, आमची मुलगी, आदल्या वर्षी शिकायला अमेरिकेला गेली होती आणि तिच्या पत्राला पंधरा-पंधरा दिवस लागत. तोवर एकच सरकारी कनेक्शन मिळायचं. त्या वर्षी खाजगी कंपन्याही आल्या होत्या. माझ्या नवऱ्याच्या, रत्नाकरच्या, ऑफिसात या विषयावर दोन तट पडले होते.

"नाणं उडवू या," रत्नाकर म्हणाला.

"मोजून बघू," मी म्हटलं.

"झालं! आता दोन्ही कंपन्यांची प्रॅक्टिकल परीक्षा. जर्नल सर्टिफाइड नसेल तर बसू देणार नाहीस ना?"

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. तेव्हा सुट्टी होती. सरकारी कनेक्शन रत्नाकरच्या मित्राने पंधरा दिवसांसाठी वापरायला दिलं, खाजगी कंपनीचं एक नमुना पाकीट मिळालं, आणि मी दोनशे पानी वही उघडली. डावीकडे सरकारी, उजवीकडे खाजगी. किती वेळा डायल करावं लागलं, किती वेळा पलीकडून एंगेजचा टोन आला, जोडायला किती सेकंद लागले, एक ठरावीक फाइल उतरायला किती मिनिटं लागली. शेवटचा रकाना माझा मीच वाढवला होता: लाइन किती वेळ टिकते. त्यासाठी कनेक्शन जोडायचं आणि हात न लावता एक तास तसंच ठेवायचं. मधे तुटलं तर वेळ लिहायची.

इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्याच तारेतून यायचं. ते चालू असेपर्यंत बाहेरून फोन करणाऱ्याला आमचा नंबर एंगेज लागे. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आमच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत कस्तुराबाई राहायच्या. मूळच्या निपाणीकडच्या. त्यांचे यजमान मल्लाप्पा होसकोट्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि मुलगी अश्लेषा त्याच वर्षी बी.एड. झाली होती. त्यांचा फोनचा अर्ज केव्हाचा पडून होता. तोवर त्यांच्या सगळ्या कागदांवर आमचा नंबर होता, पुढे 'पी.पी.' ही दोन अक्षरं, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. फोन आला की मी मागच्या खिडकीतून हाक मारायची. कस्तुराबाई ओल्या हातांनीच यायच्या, स्टुलाशेजारी जमिनीवर फतकल मारायच्या आणि निपाणीला थेट ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या.

"अहो, तार आहे मधे," रत्नाकर म्हणायचा, "एवढं ओरडायचं तर फोन कशाला?"

"तुमचं हळू बोलणं आमच्या नणंदेला कळत नाही की ओ," त्या म्हणायच्या. "ती काय शिकलेली आहे व्हय?"

सोमवारी संध्याकाळी त्या कैरीचं लोणचं घेऊन आल्या. "अक्का, सर्जापूर रोडला ती नवी शाळा झाली बघा, तिथनं फोन येणार आहे ह्या आठवड्यात. अश्लेषाला शिकवून दाखवायला बोलावणार म्हणे. सायन्स टीचर. जरा ध्यान असू द्या."

"हो हो, लगेच हाक मारते," मी म्हटलं.

बुधवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी सरकारी कनेक्शन जोडलं. ते अकरा-पाचपर्यंत टिकलं. अकरा-वीसला खाजगी जोडलं, तेही बारा-वीसपर्यंत टिकलं. मधल्या पंधरा मिनिटांत मी डायल करत होते. एकशे पस्तीस मिनिटं. त्या वेळात संगणकावर काहीही चाललेलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते आणि दर दहा मिनिटांनी येऊन पडद्याच्या कोपऱ्यातलं कनेक्शनचं चित्र अजून आहे ना ते बघत होते. दोन्ही कनेक्शनं एकदाही तुटली नाहीत याचा मला आनंद झाला होता. वहीत त्या दिवसाच्या नोंदीखाली मी 'उत्तम' असा शेरा लिहिला आहे. परीक्षा करताना मी असा शेरा कधी कोणाला देत नाही.

शनिवारी अश्लेषा आली. डोळे लाल, पण आवाज तापलेला.

"मावशी, मी शाळेत जाऊन आले. आठवडा संपला, फोन नाही, म्हणून गेले. तर म्हणे बुधवारी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एंगेज. सव्वादहा, पावणेअकरा, साडेअकरा. क्लार्कने वहीत लिहून ठेवलंय. मग त्यांनी यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावलं. तिला घेतलंसुद्धा."

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"खोटं बोलतायत ना? त्यांना त्यांचीच कोणीतरी घ्यायची होती. तुम्ही घरात दोघं, तुमचा फोन कधी सकाळभर एंगेज असतो का? तुम्ही एकदा फोनवर पाच मिनिटं बोललात तर आई म्हणते, आज अक्कांना काय झालं!"

ती हसायचा प्रयत्न करत होती. टेबलावर, तिच्या कोपराला लागून, वही होती.

"लाइन खराब असेल," मी म्हटलं. "कोपऱ्यावर केबलसाठी खणलंय ना. तार तुटली असेल."

हे वाक्य मी विचार करून बोलले नाही, असं मला पुढे बरेच दिवस वाटायचं. पण तसं नाही. कोपऱ्यावर खरंच खणलेलं होतं आणि बोलताना ते मला बरोबर आठवलं.

"बघा! मी सोमवारी जाऊन त्यांना हेच सांगते," अश्लेषा म्हणाली. "माझी काय चूक त्यात?"

मी तिला थांबवलं नाही. रविवार अख्खा होता. मागच्या खिडकीतून तिच्या इस्त्रीचा वास येत होता. दोनदा मी खिडकीपाशी गेले आणि दोन्ही वेळा वाळत घातलेला टॉवेल काढून परत आले. रत्नाकरने विचारलं, "परीक्षेचा निकाल कधी?" मी म्हटलं, "अजून दोन दिवसांचे आकडे हवेत."

सोमवारी दुपारी ती परत आली, पण आमच्याकडे आली नाही. कस्तुराबाई आल्या. नेहमीसारख्या सरळ आत आल्या आणि स्टुलाशेजारी बसल्या.

"तिथल्या मॅडम फार बोलल्या ओ पोरीला. तार तुटली तर एंगेज कसा लागेल म्हणाल्या. नुसती घंटा वाजत राहती म्हणे पलीकडं. 'तुम्ही सायन्स शिकवणार आणि एवढंही ठाऊक नाही? की खोटं बोलता?' असं. सगळ्या स्टाफसमोर." त्यांनी पदर तोंडाला लावला. "पोरगी म्हणती, अक्कांनी सांगितलं होतं म्हणून बोलले. मी म्हटलं, अक्कांना काय ठाऊक, त्यांनी आपला अंदाज सांगितला."

तार तुटल्यावर पलीकडे घंटा वाजत राहते, हे मला ठाऊक होतं. मी ते शिकवलेलं आहे.

मी वही आणली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. बुधवारचं पान उघडलं. त्यांना इंग्रजी आकडे वाचता यायचे. मी बोट ठेवून सांगितलं, इथे जोडलं, इथे काढलं, पुन्हा इथे जोडलं. शाळेचे तिन्ही फोन याच्या आत आले. तार तुटली नव्हती. मी इंटरनेट कोणाचं घ्यायचं ते मोजत होते.

"म्हणजे श्वेताशी बोलत होता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग काय काम चाललेलं?"

"काही नाही. लाइन टिकते का ते बघत होते."

त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या रागावतील असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

"आणि शनिवारी पोरगी आली तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे कानडीत 'बरं', आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दारात नेहमीसारखं 'येतो अक्का' म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन शाळेत गेले. अश्लेषाला बरोबर येतेस का विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्हीच जा, मावशी. तुमचं ऐकतील." ती दार पूर्ण न उघडताच बोलली.

सर्जापूर रोडला तेव्हा शेतं होती. शाळेची इमारत अर्धी रंगवलेली होती. मुख्याध्यापिका माझ्याच वयाच्या. मी इंग्रजीत सगळं सांगितलं: फोन माझ्यामुळे एंगेज होता, तार तुटल्याची गोष्ट माझी होती, मुलीने माझ्यावर विश्वास ठेवून ती तुमच्यासमोर सांगितली. मग वही पुढे केली.

त्यांनी चष्मा लावून पानं उलटली. एक, दोन, पाच. क्लार्कच्या वहीतल्या वेळा माझ्या पानाशी जुळवून पाहिल्या. मग म्हणाल्या, "किती व्यवस्थित आहे हो हे! आम्हालाही शाळेसाठी कनेक्शन घ्यायचंय. कोणी धड सांगत नाही. तुमचं काय मत?"

आणि मी सांगितलं. खाजगी घ्या म्हटलं. सरकारी सरासरी सात प्रयत्नांनी लागतं, खाजगी दोन. फाइल उतरायला जवळजवळ निम्मा वेळ. टिकण्यात दोन्ही सारखी. त्या लिहून घेत होत्या आणि मी पेन्सिलीने आलेख दाखवत होते. दोन-तीन मिनिटं मी चांगलं शिकवत होते. मग माझं बोट बुधवारच्या पानावर, 'उत्तम'वर आलं आणि मी वही मिटली.

जागा भरली होती. ती मुलगी कामावर रुजू झाली होती, तिचा काही दोष नव्हता. मुख्याध्यापिका म्हणाल्या की अश्लेषाला खोटारडी म्हटल्याबद्दल त्या स्वतः पत्र लिहितील आणि मधे कोणी रजेवर गेलं तर आधी तिला विचारतील. पेन उचलून त्यांनी विचारलं, "फोन कुठे करायचा? याच नंबरवर?"

"पत्रच पाठवा," मी म्हटलं.

पत्र आलं. काय लिहिलं होतं ते मला कोणी वाचून दाखवलं नाही. जूनमध्ये अश्लेषाने बनशंकरीच्या एका ट्यूशन क्लासमध्ये शिकवायला सुरुवात केली. जाताना भेटली तर ती हसायची. आम्ही खाजगी कनेक्शन घेतलं. श्वेताच्या मेल आता रोज येत, आणि मी त्या उतरवून घेऊन लगेच लाइन सोडायची. एवढ्याला चार मिनिटं पुरत.

जुलैत एका दुपारी फोन वाजला. निपाणीहून, कस्तुराबाईंची नणंद. मी मागच्या खिडकीकडे धावले आणि हाक मारली. आवाज नको इतका मोठा निघाला.

कस्तुराबाई आल्या, हात पुसून, पदर नीट करून. चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"यंत्र चालू नाही ना, अक्का? तुमचं काही अडत नाही ना?"

"नाही हो. या ना. बसा."

त्या बसल्या नाहीत. स्टुलापाशी उभ्या राहून त्यांनी फोन कानाला लावला आणि बोलल्या ते इतकं हळू की शेजारी उभी असूनही मला नीट ऐकू येईना. पलीकडची बाई 'आँ? आँ?' करत होती, ते मात्र ऐकू येत होतं. शेवटी त्यांना एक वाक्य पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.

"ह्या नंबरवर नको करू आता. कोपऱ्यावरच्या मेडिकलचा नंबर देतो, लिहून घे."

आकडे त्यांनी एकेक करून सांगितले. पलीकडे पेन सापडत नव्हतं म्हणून दोनदा सांगितले. मी तिथेच उभी होते. स्वयंपाकघरात निघून जायला हवं होतं, पण गेले नाही. वही टेबलावरच होती. तिच्यातलं पान फाडून, पेन पुढे करून, आमच्याकडेच राहू द्या हो फोन, असं काही म्हणावं असं वाटून गेलं.

त्यांनी फोन जागेवर ठेवला, नीट बसलाय ना ते दाबून पाहिलं, आणि पदराने तो पुसला.