आकडा खाली आहे, थांब

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा फोन आहे आणि मी जळतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही त्या बेताने ऐकाल.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक यांत्रिक बोट माझं प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा दाबून बघत होतं. एकही अडकलं नाही, म्हणून मला खोक्यात जागा मिळाली. पुढे मी काकूंच्या हातात आलो. काकू घरीच शिवणकाम करतात. माझी जागा शिलाई मशीनच्या खणात, बॉबिन आणि खडूंच्या शेजारी होती. "उद्या नक्की देते" हे वाक्य मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा पोचवलं, की मला ते पाठ झालं. वीज गेली की माझ्या दिव्याच्या उजेडात काकू सुईत दोरा ओवायच्या. एकदा मी कपडे भिजवायच्या बादलीत पडलो, वाळलो आणि पुन्हा वाजू लागलो. तेव्हा काकूंची नणंद, जिला घरात सगळे आत्या म्हणतात, कौतुकाने म्हणाली होती, "याला काही होत नाही गं. माझ्यासारखाच चिवट आहे."

मग काकूंच्या लेकीला नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून 'तो' आला. काचेच्या तोंडाचा. त्याच्यासाठी काकूंनी मखमली अस्तराची पिशवी शिवली, वर शिंपल्याचं बटण! माझं मागचं झाकण सैल झालं होतं तेव्हा मला रबरबँड मिळाला होता. गाणी त्याची, फोटो त्याचे, गिऱ्हाइकांशी बोलणंही त्याच्यावरून. माझी रवानगी आत्याकडे, आतल्या खोलीत झाली.

एकच गोष्ट माझ्याकडे उरली. बँकेत नोंदवलेला नंबर माझ्यात होता, कारण तो बदलायला जायला कुणाला सवड नव्हती. काकू त्याच्यावरून कापडाचे पैसे भरायच्या आणि बँकेचा गुप्त आकडा यायचा माझ्याकडे. काकू बाहेरून हाक मारायच्या, "वन्सं, आकडा!" आणि आत्या आतून खणखणीत आवाजात सांगायची, "घे, आठ, शून्य, तीन..." माप द्यायला आलेली गिऱ्हाइकं हसायची. "आत्या, लॉटरी फुटली का हो?"

"फुटली तर तुम्हालाच आधी कळेल, कान इकडेच असतात तुमचे!"

हा आकडा म्हणजे तिजोरीची किल्ली आहे आणि आपण ती भर घरात ओरडून वाटतोय, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. निदान एवढ्यापुरती माझी आठवण होते, यातच मी खूश होतो.

त्या तिजोरीत काकूंचं दुकान होतं. मुख्य रस्त्यावर छोटासा गाळा घ्यायचा, वर स्वतःची पाटी लावायची, म्हणून त्या कधीपासून पैसे बाजूला टाकत होत्या.

एका दुपारी काकू गणवेश शिवत होत्या. बटणांचं पार्सल यायला उशीर झाला होता आणि त्या वैतागल्या होत्या. तेवढ्यात नवा वाजला. हातात कापड होतं, म्हणून त्यांनी आवाज मोठा केला. पलीकडून गोड आवाज आला, "मॅडम, तुमचं पार्सल अडकलंय. पत्ता अपुरा आहे. लिंक पाठवतो, माहिती भरा, किरकोळ शुल्क आहे."

पार्सल खरंच यायचं होतं, म्हणून काकूंना शंका आली नाही. नाव, जन्मतारीख, कार्डाचा नंबर, सगळं त्यांनी भरलं. मी आतून जळत ऐकत होतो. बघा, सगळी गुपितं त्यालाच!

मग मी थरथरलो.

"वन्सं, आकडा!"

एरवी आकडा पहिल्याच ओळीत असतो. त्या दिवशीचा संदेश लांब होता आणि माझा पडदा एवढासा. आत्या बटण दाबत ओळ ओळ मोठ्याने वाचू लागली. "तुमचे खाते... नवीन मोबाईलवर..."

"अहो, आकडा सांगा ना! माणूस खोळंबलाय."

"आकडा खाली आहे, थांब. मी काय उडी मारू? नवीन मोबाईलवर... सुरू करण्यासाठी..." ती थांबली. "वहिनी, तू आणखी एक मोबाईल घेतलास?"

आणखी एक! मी कान टवकारले.

"हा एक सांभाळताना नाकी नऊ आलेत, आणखी कुठला घेऊ?"

"मग आपलं खातं कोणाच्या मोबाईलवर सुरू होतंय?"

मशीन थांबलं. गोड आवाज आता तितका गोड नव्हता. "मॅडम, वेळ संपतेय. पटकन नंबर बोला, नाहीतर पार्सल परत जाईल."

"जाऊ दे परत," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन कापला.

लेकीला फोन लावला तर ती म्हणाली, "आई, रडू नंतर. आधी कार्ड बंद कर. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलाय, तोच लाव. आणि त्या जुन्यावरून लाव, नव्यावर ती लिंक उघडलीय, त्याला आत्ता हात लावू नकोस." तो फोन माझ्यावरून झाला. कार्ड बंद झालं, खातं गोठवलं, तक्रार नोंदवली. गाळ्याचे पैसे जागेवर होते.

मला वाटलं, आता माझे दिवस फिरले. कसलं काय! पुढच्या सुट्टीत लेक माझं झाकण उघडून म्हणाली, "याची बॅटरी फुगलीय." नवा तपासून साफ केला आणि बँकेत जाऊन माझ्या नंबरऐवजी त्याचा नंबर रीतसर नोंदवला. जीभच काढून घेतली म्हणा ना.

परवा त्याच्या काचेवर नुसता आकडा चमकला. काकूंचं बोट पुढे गेलं, तोच आत्याने त्यांच्या हातावर चापटी मारली. "आकडा नंतर. आधी वरचं वाच. कशासाठी मागतायत?" काकूंनी दार लोटलं, संदेश मनातल्या मनात पूर्ण वाचला आणि आकडा स्वतःच भरला. आत्यालाही सांगितला नाही. मी आता पुन्हा मशीनच्या खणात पडून असतो, तिथून बघितलं. जळलो, अर्थातच. पण त्या दोघींना असं वाचताना बघून बरंही वाटलं.

मित्रांनो, कुणी कितीही घाई केली तरी आकड्याच्या आधीची ओळ वाचा आणि तो आकडा कुणाला सांगू नका, ओरडून तर नाहीच. आणखी एक विनंती. माझ्यासारख्याला भंगारात देण्याआधी त्याच्यातलं सगळं पुसून टाका. काकूंचे जुने संदेश अजून माझ्या पोटात आहेत. ते मी कुणाला सांगणार नाही. त्या काचेच्या तोंडाच्याला तर मुळीच नाही.