सहा नंबरच्या दारावरची डबी

आमच्या टाउनहाउसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चंद्रहासने एक फोटो टाकला. सहा नंबरच्या दाराबाहेर खिळ्याला दह्याचा रिकामा डबा टांगलेला आणि त्यात चिमूट-दोन चिमूट तांदूळ. खाली मजकूर: "कॉमन प्रॉपर्टीवर अन्नपदार्थ ठेवू नयेत. उंदीर येतात. हा डबा कोणाचा आहे?"

डबा सहा नंबरच्या दारावर होता, तेव्हा तो सहा नंबरचाच असणार. पण चंद्रहासला प्रश्न विचारायला आवडतं. स्ट्राटा कमिटी म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायटीची कमिटीच, फक्त इथे पार्किंगच्या भांडणाखाली 'काइंड रिगार्ड्स' लिहितात. कोथरूडच्या सोसायटीत वाढलेला हा मुलगा आयटीची नोकरी धरून सिडनीच्या वेंटवर्थव्हिलला आला. कमिटीवर निवडून आला, त्या दिवशी आपण परदेशात आहोत हे त्याच्या मनातून पार निघून गेलं असणार.

"मोहनकाका, तुम्हीच बोला ना त्यांच्याशी," तो मला म्हणाला. "तुमचं त्यांच्याशी जमतं. आणि तुम्ही फ्री असता."

दोन्ही आरोप खरे होते.

सहा नंबरमध्ये एंदांग राहते. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या शिफ्टचं वेळापत्रक तिला स्वतःलाही पाठ नसतं. तिचे वडील जावा बेटावरून गेल्या वर्षी तिच्याकडे आले. त्यांना सगळे पाक गियो म्हणतात. 'पाक' म्हणजे आपलं 'बापू' किंवा 'अप्पा'. लेटरबॉक्सशेजारी एक बाक आहे, तिथे आम्ही दोघं रोज दुपारनंतर बसतो. ते यायच्या आधी मी एकटाच बसायचो. एकट्याने बसलं की बाकाचा बसस्टॉप होतो, आणि आमच्या गल्लीत बस येत नाही.

त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी यांची कधी ओळख झाली नव्हती. मग फोनमध्ये बोलायचं आणि फोनने भाषांतर करायचं. शिवाय थोडे शब्द आम्हाला पूर्वजांनी सामायिक ठेवलेले होते. भूमीला ते भूमीच म्हणतात, गुरूला गुरू. नवऱ्याला तिकडे 'स्वामी' म्हणतात हे मी घरी सांगितलं, तेव्हा विमल म्हणाली, "तिकडे म्हणू देत."

तर त्यांच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. वडिलांनी इथेच राहावं म्हणून एंदांग पुढचा अर्ज करायला तयार होती. ती एकुलती एक, आई गेलेली. तिकडे डोंगरावर ते एकटे, आणि इकडे ती रात्रपाळीला निघताना त्यांना म्हणते तसं "दार आतून लावा" असं म्हणणारंही तिकडे कोणी नाही. पाक गियो मात्र हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

"अंकल, तुम्ही त्यांना समजवा," एंदांगने मला दोनदा सांगितलं होतं. तिने सांगायची गरज नव्हती. त्यांनी राहावं असं मला तिच्याइतकंच वाटत होतं, आणि माझं कारण तिच्यापेक्षा जास्त स्वार्थी होतं.

मी डब्याचं विचारलं तेव्हा ते हसले, आणि फोनमध्ये न बोलता आधी बोटांनी चिमूट करून दाखवली.

त्यांचं गाव वातुसोगा, सुंबिंग नावाच्या पर्वताच्या कुशीत. समोर दुसरा पर्वत, सिंदोरो. दोन्ही ज्वालामुखी, त्यामुळे कोणी फार मोठ्याने भांडत नाही, असं ते म्हणाले. हा विनोद त्यांचा की फोनचा, ते मला कळलं नाही. पर्वताच्या पायथ्याला भातखाचरं, त्याच्या वर मका आणि मिरची, मध्ये कॉफीची झाडं, आणि सगळ्यांत वर, जिथे पहाटे तोंडातून वाफ निघते, तिथे तंबाखू. झऱ्याचं पाणी बांबूच्या पन्हळींनी घराघरात आणि शेताशेतात येतं. पन्हळ कुठे फुटली तर जो आधी बघेल त्याने बांधायची. कोणाची आहे ते नंतर बघायचं.

ऑगस्ट-सप्टेंबरात तंबाखू कापून बांबूच्या तट्ट्यांवर वाळत घालतात. अंगण पुरत नाही, मग मशिदीचं पटांगण, शाळेचं मैदान, शेवटी रस्ता. त्या दिवसांत गावात गाडी आली तर गाडीने वळसा घ्यायचा. खाली गावच्या कचेरीत एक मोठा फळा आहे; त्यावर गावाची सगळी माहिती असते. पुरुष किती, बायका किती, शेळ्या किती, मोटारसायकली किती. शेळ्या आणि माणसं खडूने लिहितात, कारण ती बदलतात. पर्वताची उंची तेवढी ऑइलपेंटने.

आणि बाजाराचा आठवडा पाच दिवसांचा. पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, लगी. वातुसोगाच्या खालच्या गावी पोनला बाजार भरतो. म्हणून पाक गियो दर पाचव्या दिवशी सकाळपासून जरा अस्वस्थ असत, वूलवर्थ्स सुपरमार्केटला जाऊन कोबी उलटसुलट करून बघत आणि काही न घेता परत येत. मला आधी वाटायचं की त्यांना पोटाचा काही त्रास आहे.

"आणि तांदूळ?" मी विचारलं.

तर वातुसोगात सूर्य मावळल्यावर, मगरिबची नमाज झाली, की प्रत्येक घर दाराशी एक छोटी डबी टांगतं. तिच्यात चिमूटभर तांदूळ. रात्री गस्तीची पाळी असलेले चार-पाच जण गावातून फिरतात आणि प्रत्येक डबीतले तांदूळ पिशवीत रिकामे करतात. जमा झालेले तांदूळ गावाचे. कोणी आजारी, कोणाकडे मयत, कुठे पूल वाहून गेला, तेव्हा ते कामी येतात.

"चिमूटभर तांदळाने पूल होतो?"

"होत नाही," पाक गियो म्हणाले. "पण प्रत्येक दाराशी रोज कोणीतरी येतं. डबी रिकामी दिसली तर सकाळी विचारतात."

"पण इथे कोण येतं?"

"कोणी नाही. उंदीरपण येत नाही. चंद्रहासला सांगा."

मी घरी येऊन विमलला सगळं सांगितलं. तिने हिंगाची एक रिकामी पिवळी डबी धुतली, दोरा ओवला आणि म्हणाली, "दह्याचा डबा वाईट दिसतो. ही द्या त्यांना. आणि एक आपल्या दारावर लावा." तेव्हा माझ्या डोक्यात कट शिजला. ज्या गावात रोज कोणीतरी दाराशी येतं ते गाव सोडायला माणूस तयार होत नसेल, तर वेंटवर्थव्हिलमध्ये रोज कोणीतरी दाराशी गेलं पाहिजे. म्हणजे पाक गियोंना परत जायला कारण उरणार नाही. साधा हिशोब होता. माझे सगळे हिशोब साधेच असतात; त्यामुळे ते कुठे चुकतात ते चटकन दिसत नाही.

शनिवारच्या बार्बेक्यूला मी विषय काढला. चंद्रहास आधी उंदरांवर बोलला, मग विम्यावर. पण पाळ्यांचं रोस्टर करावं लागेल असं मी सहज म्हणालो, आणि त्याचा चेहरा बदलला. संध्याकाळपर्यंत नवा ग्रुप, रंगीत रोस्टर आणि 'डबीचं तोंड रस्त्याकडे असावं' ही सूचना. रात्री आम्हा म्हाताऱ्यांना कोणी फिरू देणार नाही, म्हणून वेळ ठरली संध्याकाळच्या बातम्यांच्या आधीची.

पहिल्या आठवड्यात बासमती, सोना मसुरी, आंबेमोहोर आणि अकरा नंबरमधून क्विनोआ आला. चार नंबरने विचारलं, तांदळाऐवजी डायरेक्ट ट्रान्सफर केलं तर चालेल का. जमलेल्या तांदळाची विमलने रविवारी खिचडी केली. प्रत्येक तांदूळ आपापल्या वेळेला शिजत असल्यामुळे तिच्यात निम्मा लगदा होता आणि निम्मे खडे, आणि सगळ्याला हिंगाचा वास. सगळ्यांनी दोनदा घेतली. पाक गियोंनी तीनदा.

रोस्टर कोणाचंही असो, फेरीला पाक गियो रोज असतच. मीपण असायचो. चौदा दारं, मधे जास्वंद, मधे कोणाची तरी स्कूटर. माणसं दारात येऊन बोलायची. इतकी वर्षं मी ज्याला 'निळी मझदा' म्हणून ओळखत होतो त्याचं नाव हृषीकेश आहे, हे मला तेव्हा कळलं.

एकदा नऊ नंबरची डबी रिकामी होती. दुसऱ्या दिवशीही. चंद्रहासने रोस्टरवर लाल खूण केली. पाक गियोंनी बेल वाजवली.

नुपूरने दार उघडलं. कडेवर तान्हं बाळ, अंगातल्या टी-शर्टवर दुधाचे डाग. "सॉरी काका, तांदूळ आहेत. विसरले. नवरा कामासाठी पर्थला गेलाय, दोन आठवडे." मग ती थांबली. "तुम्ही दोघं आत याल का जरा? चहा करते. म्हणजे, तुम्हाला वेळ असेल तर."

आम्हाला वेळ होता. नुपूर बोलत राहिली आणि आम्ही ऐकत राहिलो. पाक गियोंना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि मला फारसं कळायची गरज नव्हती. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं. निघताना नुपूरने डबीत मूठभर तांदूळ ओतले, सांडेपर्यंत.

"पाहिलंत?" परत येताना मी विजयाने म्हणालो. "वातुसोगा."

पाक गियो त्यांच्या दाराशी थांबून हिंगाच्या डबीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते बाकावर आले तेव्हा फोन त्यांनी आधीच हातात धरला होता.

"मी काल गावी फोन केला. वागिमानला. तो माझा शेजारी. मी विचारलं, माझ्या दारावरची डबी कोण भरतं?"

"तुमच्या घरात तर कोणी नाही."

"हो. घराला कुलूप. पण काल त्या मुलीची डबी रिकामी दिसली आणि मला एकदम माझं दार आठवलं. वर्षभर मी हे विचारलंच नव्हतं." त्यांनी फोन जवळ धरला. "वागिमान भरतो. रोज. गस्तीवाल्यांनी घर वगळू नये म्हणून. एकदा वगळलं की सवय होते."

"चांगला माणूस आहे."

"त्याचे गुडघे गेलेत. माझं घर वरच्या आळीत आहे. तो रोज दोन घरांच्या डब्या भरतो."

मला पुढचं वाक्य आधीच ऐकू आलं, आणि ते त्यांनी म्हणू नये म्हणून मी घाईघाईने बोललो. एंदांगचं सांगितलं. हॉस्पिटल जवळ आहे हे सांगितलं. तुमच्या डोंगरावर डॉक्टर नाही, वय झालंय, थंडी असते. इथेही आता रोज कोणी दाराशी येतं, तुम्हीच सुरू केलंत. मी इतकं सलग इंग्रजी शाळा सोडल्यापासून बोललो नव्हतो. फोनने सगळं शांतपणे भाषांतर केलं.

"बरोबर आहे," पाक गियो म्हणाले. "इथे आता तुम्ही आहात. चंद्रहास आहे. एंदांगची डबी रिकामी राहिली तर तुम्ही विचाराल ना?"

"विचारू."

"म्हणूनच जाता येईल. आधी जाता येत नव्हतं."

माझा कट इतका यशस्वी होईल असं मला वाटलं नव्हतं.

एंदांग आधी रडली, मग माझ्यावर चिडली, मग तिने विमानाचं तिकीट काढलं. विमलने त्यांना हिंगाच्या दोन भरलेल्या डब्या दिल्या. वागिमानच्या बायकोला द्या, म्हणाली. कशाला वापरायचं ते मात्र सांगितलं नाही. एअरपोर्टवर पाक गियोंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मग स्वतःच्या छातीला लावला. फोन एंदांगकडे होता, त्यामुळे आम्ही काही बोललो नाही. फोन असता तरी काय बोललो असतो माहीत नाही.

ते गेले त्या संध्याकाळी एंदांग ड्यूटीवर होती. सहा नंबरला अंधार. मी आमच्या डबीत चिमूट घातली, मग तीन दारं पुढे गेलो आणि त्यांच्या डबीत घातली.

थोड्या वेळाने चंद्रहास पिशवी घेऊन आला. रोस्टर त्याचं होतं. सहा नंबरशी तो थांबला, डबीत डोकावला, माझ्याकडे बघितलं.

"काका, पाक गियो गेले ना?"

"गेले."

"एंदांग ड्यूटीवर आहे."

"हो."

"मग हे कोणी भरलं?"

त्याला प्रश्न विचारायला आवडतं. मी डबीचं तोंड रस्त्याकडे वळवलं.

"रिकामी कर," मी म्हणालो. "आणि चल पुढे. सात नंबर वाट बघत असेल."

त्याने तांदूळ पिशवीत ओतले. फोन काढून रोस्टरवर सहा नंबरपुढे हिरवी खूण केली. पुढच्या दारापर्यंत गेल्यावर, मागे न बघता, म्हणाला, "उद्या मी भरीन. तुमचे गुडघे काही भारी नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकावर जाऊन बसलो. तिकडे पोन होता. मी बराच वेळ बसून राहिलो, आणि मग उठून वूलवर्थ्सला कोबी बघायला गेलो.