काडाच्या खुर्चीचा साहेबांना सवाल

साहेब, तुम्ही मला कचरा म्हणालात. तेही माझ्यावर ऐसपैस बसून, पाठ टेकून, चहा संपवून झाल्यावर! नव्या वाचनालयाच्या खुर्च्या निवडणे तुमच्या हातात, म्हणून सगळे गप्प राहिले. मी राहणार नाही.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, गव्हाच्या काडाची. कापणी झाली की दाणे घरी जातात आणि काड रानात लोळत पडते. मग कोणीतरी आगपेटीची काडी ओढतो. सगळ्यांचे डोळे चुरचुरतात, घराघरांत खोकला सुरू होतो. माझे कितीतरी भाऊबंद असे धुरात गेले. मी वाचले ती ताईमुळे.

ताई फर्निचरचे आराखडे काढायला शिकलेली. तिने मामाच्या रानातून काडाचे भारे उचलले तेव्हा मामा म्हणाला, "अगं, लोक सागवान नेतात. तू गुरांच्या ताटातलं पळवतेस!"

पहिली खुर्ची केली ती माझी थोरली बहीण. दिसायला देखणी. पण ताईने हौसेने तिला पिठाची खळ लावली होती. गव्हाच्या काडाला गव्हाचीच खळ! उन्हात वाळत ठेवली आणि शेजारची शेळी आली. खुर्चीची पाठ संपवून ती हातावर आली तेव्हा ताईच्या जोडीला काम करणारे सुतारकाका ओरडले, "ताई, धाव! तुझी खुर्ची फार चविष्ट झालीय!"

ताई रडवेली झाली. काका म्हणाले, "रडतेस काय? पहिलं गिऱ्हाईक तर मिळालं."

मग दोघे पुन्हा कामाला लागले. काड तापवून जोराने दाबले की ते आपल्याच चिकाने घट्ट धरते, खळ लागतच नाही. अशा जाड फळ्यांची माझी बैठक झाली, त्यांचेच पाय झाले. पाठीसाठी ताईने एकेक काडी भिजवली, नखाने उभी चिरली, उलगडली आणि तिच्यावर गरम इस्त्री फिरवली. त्या पट्ट्या उलटसुलट दिशांनी सरसाने चिकटवल्या, वरून लाखेचा हात दिला. रंगाचा एक थेंब नाही, तरी माझ्यासमोरून चालत गेलात तर एक पट्टी उजळते आणि दुसरी सावळी होते. काकांनी आयुष्यभर लाकूडच हाताळलेले. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरी, हे मला सुचलं नसतं गं."

शेळीलाही बोलावले होते. तिने हुंगले आणि तोंड फिरवले. एवढी मोठी पावती मला कोणी दिली नाही!

पुढे मी जुन्या वाचनालयात खिडकीपाशी राहिले. माझ्यावर बसायला आजोबा लोकांची भांडणे होत. "तुम्ही काल बसलात!" "मग आज पुस्तक संपवू नको का?" ग्रंथपालबाई मला कोरड्या फडक्याने पुसत. पाण्याने धुतलेले मला सोसत नाही, मित्रांनो. एवढीच माझी नाजूक बाजू. किती वजनदार माणसे येऊन गेली, पण माझा पाय कधी डगमगला नाही.

आणि मग नव्या वाचनालयासाठी मला बघायला तुम्ही आलात, साहेब. "वा! काय आरामशीर आहे! कुठलं लाकूड हे?"

"लाकूड नाही, साहेब," ताई आनंदाने म्हणाली. "काड आहे. शेतात जाळतात ना, ते."

तुम्ही ताडकन उठलात. पँट झटकलीत. "म्हणजे कचरा? लोकांना कचऱ्यावर बसवायचं?"

काय झटकलेत हो? माझ्यावर धूळसुद्धा नव्हती. बसताना मी सुंदर होते, उठताना कचरा झाले. मधल्या वेळात मी बदलले नव्हते, तुमच्या कानावर एक शब्द पडला होता, एवढेच. झाडे तोडून केलेली खुर्ची तुम्हाला इभ्रतीची वाटते आणि धुरातून वाचवलेली लाजिरवाणी?

त्या दिवसापासून तुमचा ना होकार आहे, ना नकार. "बघू" म्हणालात आणि गाडीत बसलात.

आज सकाळी मामा वाचनालयाच्या दारात आला. हल्ली तो थट्टा करत नाही. आसपासच्या रानांतले काड त्यानेच सगळ्यांच्या हातापाया पडून न जाळता ठेवायला लावले आहे. तो म्हणाला, "ताई, पेरणी तोंडावर आलीय. रान मोकळं करायचंय. लोक आता माझं ऐकायचे नाहीत. काड नेतेस, की पेटवू देत?"

ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला. ती काय सांगणार? खुर्च्या हव्यात की नकोत, हे तुम्ही सांगायचे आहे.

साहेब, मामा दारात उभा आहे. त्याला काय सांगू?