ग्वुदनीकडे राहिलेली गोष्ट

"ओजिब्वे गोष्टीसाठी तुम्ही चुकीच्या माणसाकडे आलात, बाई," जाळ्याची गाठ दातांनी ओढत अँब्रोझ मॅनिंगवे म्हणाला. "मला आइसलँडिक येतं. माझी स्वतःची भाषा तेवढी येत नाही."

"माझे पणजोबा आइसलँडहून आले, आणि मला आइसलँडिक येत नाही," थोराबाई हसल्या. "दोघंही सारखीच. वर्गात या तर खरं."

कॅनडातल्या विनिपेग सरोवराकाठच्या एका शाळेत थोराबाई शिकवायच्या. वर्गातली निम्मी मुलं आइसलँडवाल्यांची, निम्मी तिथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांची.

अँब्रोझला सहाव्या वर्षी सरकारनं घरातून उचलून इंग्रजी निवासी शाळेत घातलं होतं. घरच्या भाषेतला शब्द तोंडातून निघाला की पट्टा बसायचा. दहा वर्षांनी तो सुटला तेव्हा आजी मातीआड गेली होती आणि भाषाही जिभेवर उरली नव्हती. मग तो आइसलँडवाल्या कोळ्यांबरोबर सरोवराच्या बर्फाखाली जाळी लावू लागला, त्यांची भाषा शिकला. त्यांच्या तळावर रांधणारी ग्वुदनी आइसलँडवालीच, पण त्याच्या आजीची जुनी शेजारीण. भांडी विसळता विसळता ती आइसलँडिकमध्ये म्हणायची, "बस रे. तुझ्या आजीनं सांगितलेली गोष्ट आहे माझ्याकडे. तुझीच आहे, घेऊन जा." अशा गोष्टी बर्फ असेतोवरच सांगायच्या, हेही त्याला तिच्याकडूनच कळलं.

बाहेर अजून गुडघाभर बर्फ होतं, म्हणून गुरुवारी तो गेला. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर अवघडून बसला आणि इंग्रजीत सांगू लागला.

"बर्फावर एक पोर वाट चुकली. तिला म्हातारी अस्वलीण भेटली. ती म्हणाली, 'नूझिस, माझ्या पावलांत पाय ठेवत ये.'"

"नूझिस म्हणजे?" एकानं विचारलं.

"अस्वलाचं गुरगुरणं असावं. ग्वुदनी तसंच म्हणायची."

मागच्या बाकावरची डोरीन हळूच म्हणाली, "गुरगुरणं नाही ते, आजोबा. माझी आजी मला रोज तशीच हाक मारते. 'माझ्या नातवंडा' असं."

पंचेचाळीस वर्षं तो शब्द अँब्रोझनं घशातून, अस्वलासारखा काढला होता. ओजिब्वेचं पोर, त्याला माहीत असणारच, असं ग्वुदनीनं धरलं असेल. आणि आपल्याला कळत नाही, हे तिला सांगायची त्याला लाज वाटली होती.

"मग पुढे काय झालं?" पुढच्या बाकावरून आवाज आला.

"सांगतो." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "डोरीन, तुझी आजी कसं म्हणते, म्हणून दाखव बरं."

तिनं म्हणून दाखवलं. तो तिच्या मागोमाग म्हणाला. जमलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, जरा सावकाश, जसं बाळाला सांगतात तसं. तिसऱ्या वेळी तिनं मान डोलावली.

मग त्यानं गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.